रंकाळ्यातली होडी

दूधगंगेवर धरण झालं आणि आमचं गाव पाण्याखाली गेलं. आम्ही कागल तालुक्यातल्या वसाहतीत येऊन पडलो. जमिनीचे कागद मात्र आमच्या मागोमाग आले नाहीत. त्या कागदांपायी आबा महिन्यातनं एकदा तरी कोल्हापूरला खेटा घालायचे. एकदा अंगठ्यासाठी आईलाही बोलावलं, म्हणून ती निघाली आणि तिचा पदर धरून मी. सहावीत असेन.

साहेब जागेवर नव्हते. "सोमवारी या," शिपाई म्हणाला. आमची एस.टी. संध्याकाळची. आबा जिना उतरता उतरता म्हणाले, "चल, तुला रंकाळा दावतो." म्हणाले मला, पण बघत होते आईकडं.

अंबाबाईचं दर्शन घेऊन चालतच गेलो. पाणी मला नवीन नव्हतं. पण पाण्याला दगडी कठडा, कडेला भेळेच्या गाड्या, पलीकडं शालिनी पॅलेसचा मनोरा, असं नटून बसलेलं पाणी पहिल्यांदाच बघत होतो. माणसं नुसती बसायला आलेली! आमच्याकडं पाण्याकाठी कोण नुसतं बसत नसे. धुणं, म्हशी, मोटर, काहीतरी निमित्त लागायचंच.

आबांनी दोन भेळा घेतल्या, तिघांत. खाता खाता नंदीची गोष्ट सांगितली. इथला नंदी रोज गव्हाभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं येतो. तो पाण्याला टेकला की जगबुडी.

आई म्हणाली, "आमची झाली की बुडी. तवा कुठला नंदी आलता?"

आबा गप्प झाले. उन्हाळ्याचे दिवस होते, पाणी उतरलेलं. संध्यामठ निम्म्याच्या वर उघडा पडला होता. दोघंही तिकडंच बघत राहिली. आमच्या गावातल्या देवळाचा कळसही मे महिन्यात असाच वर यायचा. देव वसाहतीत आणला होता, देऊळ तिथंच राहिलं. आबा दर उन्हाळ्यात ते बघायला जायचे. आई एकदाही गेली नव्हती.

मी होडीचा हट्ट धरला. आबांनी खिसा चाचपला, म्हणाले, "तू जा, मी हितंच थांबतो." पैशाचं कारण होतंच, पण नुसतं पैशाचं नव्हतं, हे आता कळतं. मला वाटलं, आईही नको म्हणणार. तिनं पिशवी आबांच्या हातात दिली, चपला काढल्या आणि माझ्या आधी होडीत जाऊन बसली.

सुरुवातीला तिनं होडीची कड घट्ट धरली होती. किनारा लांब गेला तसं तिनं होडीवाल्याला विचारलं, "बाबा, खाली काय हाय?"

"दगूड. पयली खाण हुती म्हणत्यात हितं. भुईकंपात खचली आन् पाणी लागलं."

"घरं न्हाईत न्हवं कुणाची?"

होडीवाला वल्हं मारायचा थांबला. त्यानं एकदा आईकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. "न्हाई मावशी. कुणाची न्हाईत."

मग आईनं हात पाण्यात सोडला. मनगटापर्यंत. होडी परत वळेपर्यंत तो तसाच होता. मी एवढा वेळ हात रिकामा असलेली आई त्याआधी पाहिली नव्हती. एकदा ती हसलीही, कशाला ते मला दिसलं नाही, कारण मी पॅलेसची घड्याळं मोजत होतो.

काठावर आबा तिच्या चपला हातात घेऊन उभे होते. खाली ठेवायचं सुचलं नसावं. आई उतरली, तसं त्यांनी हळूच विचारलं, "काय दिसलं?"

"काय न्हाई," आई म्हणाली. "पाणीच."

आबांनी चपला तिच्या पायाशी ठेवल्या. पुढच्या सोमवारी दोघं परत कोल्हापूरला गेली. मला शाळा होती. कागदांचं काम त्याही दिवशी झालं नाही, पण येताना आईच्या पिशवीत माझ्यासाठी भेळेचा पुडा होता.