गंजाखालचं लोखंड

मासे भरून बंदरातून निघालेल्या ट्रकच्या हौद्यातून बर्फाचं पाणी गळत असतं आणि त्या पाण्यात मीठ असतं. रस्त्यावर सांडलेलं हे पाणी मागून येणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकांनी उडतं आणि थेट तिच्या पुढच्या एक्सलवर जाऊन बसतं. त्यात समुद्राची खारी हवा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. रत्नागिरीत इंजिन थकायच्या आधी पुढचा एक्सल थकतो तो असा. माझं आयुष्य या एकाच भागाच्या दुरुस्तीत गेलं, आणि त्यातलं बरंचसं काम घरच्या अंगणात झालं. ते घरी नीट करता येतं, हे मी खात्रीने सांगतो.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या टाटा ४०७. ही गाडी १९८६ साली आली तेव्हा जपानी कंपन्यांच्या सहकार्याने बनलेल्या हलक्या ट्रकांशी तिचा सामना होता. त्यांतल्या कित्येक गाड्या आता शोधूनही सापडत नाहीत. ४०७ मात्र कोकणच्या बंदरांवर अजून राबते आहे. तिच्या पुढच्या एक्सलची रचना समजायला सोपी आहे. मधे घडीव पोलादाचा आडवा बीम, त्याच्या दोन्ही टोकांना भोक, त्या भोकात उभी किंगपिन. चाक बसतं स्टब एक्सलवर, आणि स्टबचे दोन कान बीमच्या टोकाला वरून-खालून कवेत घेतात. किंगपिन बीममध्ये लॉकपिनने घट्ट पकडलेली असते. त्यामुळे स्टिअरिंग वळवलं की पिन जागेवरच राहते आणि तिच्याभोवती स्टब फिरतो. कानांमध्ये बुश असतात. बीम आणि खालचा कान यांच्यामध्ये थ्रस्ट बेअरिंग असतं आणि पुढचं वजन त्याच्यावर येतं.

गाडी आली की मी आधी चाक उचलून वर-खाली धरून हलवतो. चाक खडखडलं तर मदतनिसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगतो. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे; तरीही राहिली तर किंगपिन आणि बुश गेले. दोन मिनिटांच्या या तपासणीने मालकाचे हजारो रुपये वाचतात, कारण नुसतं बेअरिंग कसायचं असताना सगळा एक्सल उतरवलेला मी पाहिला आहे.

मालकाची नजर मात्र गंजाच्या पापुद्र्यांवर असते. बोटाने सोललं तर बीमवरून पत्र्याएवढे जाड खवले निघतात आणि तो म्हणतो, "एक्सल बाद झाला, नवा बघा." मी त्याला थांबवतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. म्हणजे तीन मिलिमीटरचा खवला पडला तर त्यामागे गेलेलं लोखंड दीड मिलिमीटरही नसतं. हा बीम लाल तापलेलं पोलाद साच्यात दाबून घडवलेला असतो. दाबताना धातूचे तंतू बीमच्या वळणाबरोबर वळतात, मग ठरलेल्या तापमानापर्यंत तापवून त्याला पाणी दिलं जातं, आणि त्यातून त्याची ताकद येते. असे बीम घडवणाऱ्या जगातल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक, भारत फोर्ज, आपल्या पुण्यातच मुंढव्याला आहे. अशा बीमच्या मधल्या भागावर वरवरचा गंज असेल तर तो घासून काढा, रंग द्या, पुढे चला.

चिंता करायची ती बंद जागांची. फुगणाऱ्या गंजाला मोकळ्या पृष्ठभागावर पसरायला वाव असतो. किंगपिन आणि भोक यांच्यामध्ये केसाएवढीही फट नसते. तिथे फुगलेला गंज पिनेला असा आवळतो की दोन धातू एकजीव झाल्यासारखे वाटतात. माझ्या मते या दुरुस्तीतलं खरं कौशल्य ही पिन बीमला इजा न करता बाहेर काढण्यात आहे.

पावसाळ्यात जांभ्याचं अंगण मऊ होतं, म्हणून जॅकखाली आणि गाडी टेकवायच्या घोड्यांखाली जाड लोखंडी प्लेट घालायची. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, कितीही घाई असली तरी. ब्रेक ड्रम काढल्यावर आतली धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, पाण्याने भिजवून पुसायची. मग लॉकपिन. ती आडवी, बारीक, गंजात दिसेनाशी झालेली असते. ती न काढताच किंगपिनवर घण घालणारे फार. तसं केलं की लॉकपिन कापली जाते, किंगपिनवर आणि भोकात चर पडतो आणि चांगला बीम फुकट जातो. म्हणून आधी तारेच्या ब्रशने जागा साफ करायची, नट काढायचा आणि लॉकपिन पूर्ण बाहेर आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग सांध्यात डिझेल मुरू द्यायचं, रात्रभर किंवा दोन रात्री. त्यानंतर बीमच्या टोकाच्या एका बाजूला जड घण टेकवून धरायचा आणि समोरच्या बाजूला दुसऱ्या घणाचे ठोके द्यायचे. या धक्क्यांनी गंजाचा थर आतल्या आत तुटतो. ठोक्याचा आवाज बदलला की पिन सुटायला लागली हे कळतं. तरीही नाही हलली तर बीम उतरवून हायड्रॉलिक प्रेसवर न्यायचा. आमच्याकडून आंबा घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलं की असलं काम करणारे हात सापडतात. प्रेसवर पिन सुटताना बंदुकीसारखा बार होतो. तिच्या रेषेत कोणी उभं राहू नये.

गॅस मात्र लावायचा नाही. या बाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही. टोक लाल केलं की पिन पटकन निघते हे खरं, पण कारखान्यात दिलेलं पाणी त्या जागेवरून उतरतं. थंड झाल्यावर बीम आधीसारखाच दिसतो. घाटात, भरल्या गाडीत, खड्ड्यात चाक आपटल्यावर फरक कळतो. वेल्डिंगचंही तेच. भोक झिजून लंबगोल झालं असेल तर त्यात भरणा करून पुन्हा बोअर मारून देणारे आहेत. मी तो बीम बाद करतो.

मोकळ्या झालेल्या बीमची तपासणी घरच्या साधनांनी होते. दोन्ही भोकांच्या मधून दोरा ताणायचा. तो मधोमध, स्प्रिंगच्या पाट्यांच्या सेंटर बोल्टच्या भोकांवरून जायला हवा. दोन्ही भोकांत सरळ सळया उभ्या करून एका टोकाकडून नजर लावायची; पुढे-मागे त्या एकमेकींच्या रेषेत नसतील तर बीमला पीळ बसला आहे. स्टब एक्सलसाठी रॉकेल आणि खडू. आतलं बेअरिंग जिथे बसतं त्या गोलाईवर रॉकेल लावून थोडा वेळ ठेवायचं, कोरडं पुसायचं आणि खडूची पूड चोळायची. तडा असेल तर त्यात मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते. अशी रेघ दिसलेला स्टब मी कटरने दोन तुकडे करूनच भंगारात देतो. अखंड दिला तर तो पुन्हा कुणाच्या तरी गाडीला लागतो.

गंज काढण्यासाठी मी फळ्यांची पेटी करून तिच्यात ताडपत्री अंथरतो, कारण एवढा लांब बीम पिंपात मावत नाही. पाण्यात धुण्याचा सोडा, दर चार लिटरला एक मोठा चमचा. बॅटरी चार्जरची ऋण तार बीमला, धन तार बांधकामाच्या सळयांना. सळई स्टेनलेसची घेऊ नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. यात हायड्रोजन निघतो, म्हणून पेटी उघड्यावर ठेवायची आणि बिडी-काडी लांब. किंगपिनसारखे कडक भाग मात्र या पाण्यात किंवा ॲसिडमध्ये घालू नयेत. हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतात. तसेही ते नवेच घालायचे असतात.

किनाऱ्यावरच्या माणसाने इथे एक गोष्ट जास्तीची करायला हवी. साफ दिसणाऱ्या बीमच्या खळग्यांत मीठ उरलेलं असतं, आणि त्यावर रंग दिला तर पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड येतात. गोड्या पाण्याने बीम धुवायचा, वाळवायचा आणि पाहायचं. थोड्याच वेळात खळग्यांत तांबूस ठिपके उमटले तर मीठ अजून आत आहे. पुन्हा ब्रश, पुन्हा पाणी. ठिपके यायचे थांबले की लगेच झिंकचा प्रायमर. किंगपिनच्या भोकांना आणि पाटे बसतात त्या जागेला रंगाचा जाड थर नको.

नवे बुश दाबून बसवताना ग्रीसचं भोक निपलच्या भोकासमोर आलंच पाहिजे. मग रीमर. वरचा आणि खालचा बुश एका रेषेत कापला जावा म्हणून लांब, मार्गदर्शक दांड्याचा रीमर हवा. तो विकत घेणं परवडत नसेल तर मागून आणा, पण एकेक बुश वेगळा कापू नका. रीमर एकाच दिशेने, तेल घालत, सावकाश फिरवायचा, उलटा कधीच नाही. थोडं कापायचं, पुसायचं, पिन घालून बघायची. अंगठ्याने दाबल्यावर पिन एकसारखी सरकत आत गेली पाहिजे आणि सोडल्यावर स्वतःच्या वजनाने खाली घसरता कामा नये. हा अंदाज हाताला आला की मोजमापाच्या आधी हातच सांगतो. मला या कामातला हा भाग सर्वांत आवडतो. त्या वेळी मी कोणाशी बोलत नाही.

पुढची जोडणी सरळ आहे. बीम आणि वरचा कान यांच्यामधली मोकळी फट शिमच्या पातळ चकत्यांनी भरायची. चाकाचं बेअरिंग हब फिरवत कसायचं, मग नट थोडा मागे घेऊन स्प्लिट पिन घालायची, तीही नवी. यू-बोल्ट जुने वापरू नयेत, एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही. टाय रॉडने टो-इन, म्हणजे चाकांचा पुढून किंचित आतला कल, लावायचा आणि भरलेल्या पहिल्या खेपेनंतर यू-बोल्ट पुन्हा कसायचे.

ग्रीस भरताना मी एकदा चाकं जमिनीवर ठेवून आणि एकदा उचलून भरतो, जुनं काळं ग्रीस चारही कानांतून बाहेर येईपर्यंत. मासळीच्या गाडीला हे दर आठवड्याला करावं. ड्रायव्हर मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे: खेप संपल्यावर हौदा खाडीच्या पाण्याने धुऊ नका. आणि मच्छीमार सोसायट्यांनी बंदरावर ट्रकांसाठी गोड्या पाण्याचा एक नळ आणि होजपाइप ठेवला, तर त्याचा खर्च एका एक्सलच्या दुरुस्तीत वसूल होईल.