रात्री मुक्काम नाही

आमच्या उर्दू शाळेत सातपुडा म्हणजे नकाशावरचा तपकिरी पट्टा. जळगावात राहूनही आठवीच्या बहुतेक मुलींनी तो डोंगर जवळून पाहिलेला नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना तिथं न्यायचं आणि कॅमेरा त्यांच्याच हाती द्यायचा, असं आम्ही ठरवलं.

मनात होतं मेळघाटातलं गुगामल राष्ट्रीय उद्यान. १९७४ पासूनचा व्याघ्रप्रकल्प! धुळ्याचे आमचे बी.एड.चे सोबती तोरणमाळचा आग्रह धरून बसले. पण पालकसभेत एका मुलीचे अब्बा उठले, "सर, रात को रुकना नहीं."

आम्ही वाद घातला नाही. मुलगी येतेय, हेच पुष्कळ. मग पाल ठरलं. रावेर तालुक्यातलं, यावल अभयारण्यातलं. फजरनंतर निघायचं, मगरिबच्या आत घरी.

कॅलेंडरवरच्या काश्मीरसारखी लाल पानं तिथं मिळायची नाहीत. सागाची पानं तेव्हा झाडावरच असतात. गवत तेवढं पिवळं पडू लागतं. उजेडही सकाळचाच चांगला, नंतर ऊन पांढरं होतं. पोहोचेपर्यंत तो किती उरेल, हीच काळजी.

आतापर्यंत ११ नावं आली आहेत. बाकीच्या मुली घरी विचारताहेत.