गेलेल्या जमिनीचं माप

मातीकामाचं माप म्हणजे दोन पृष्ठभागांची वजाबाकी. काम सुरू होण्याआधीची जमीन हा एक, आणि आज समोर दिसते ती जमीन दुसरा. दुसऱ्याबद्दल शंका आली तर उद्या सकाळी स्टाफ, म्हणजे पातळीची उभी मोजपट्टी, घेऊन पुन्हा मोजता येतं. पहिला मात्र पोकलेनच्या पहिल्या बकेटबरोबर गेलेला असतो. साइटवर त्याला सगळे ओजीएल म्हणतात, म्हणजे मूळ जमिनीची पातळी. रस्त्यांच्या कामांवर मोजणी करण्यात माझी उमर गेली. बिलावरून झालेली जी जी भांडणं मी पाहिली, त्यातली बहुतेक शेवटी या ओजीएलपाशीच येऊन अडलेली होती.

पूर्वी दर वीस-तीस मीटरवर आडवा छेद घ्यायचा, पातळ्या लेव्हल बुकात लिहायच्या, शेजारच्या दोन छेदांच्या क्षेत्रफळांची सरासरी काढून मधल्या अंतरानं गुणायचं आणि आकडा एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, चढवायचा. सपाट माळावर हे ठीक चालतं. टेकडीची सोंड जिथे निमुळती होत जमिनीला मिळते, तिथे ही रीत फसते. एका छेदात कटाई भरपूर, पुढच्यात शून्य. तो भाग सगळ्या बाजूंनी निमुळता होत टोकाला संपत असेल, तर त्याचं खरं घनफळ क्षेत्रफळ गुणिले अंतराच्या एक तृतीयांश असतं. सरासरी मात्र निम्मं देते, म्हणजे खऱ्याच्या दीडपट. घाटातल्या कामांत अशी टोकं पावलोपावली येतात.

संगणकातल्या भूप्रदेशाच्या प्रतिकृतीची कल्पना मुळात याच कामातून निघाली, याचं मला फार अप्रूप आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये चार्ल्स मिलर आणि रॉबर्ट लाफ्लाम यांनी १९५८ साली ‘डिजिटल टेरेन मॉडेल’ या नावानं ती मांडली, ती महामार्गांच्या आखणीसाठी आणि मातीकामाच्या हिशेबासाठीच. आज आम्ही टोटल स्टेशननं किंवा डीजीपीएसनं बिंदू घेतो, सॉफ्टवेअर त्यांचे त्रिकोण विणतं, आणि आधीच्या व नंतरच्या जाळ्यांमधलं घनफळ काही सेकंदांत पडद्यावर येतं. त्रिकोण जोडण्याचा नियम बोरिस डेलोने या रशियन गणितज्ञाचा, १९३४ सालचा. कुठल्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळात चौथा बिंदू येता कामा नये, एवढंच तो सांगतो. नियम सुंदर आहे. पण त्याला भूमिती कळते, ओढा कळत नाही.

समजा, शेतातून एक नाला जातो आणि त्याच्यावरून साठ मीटर रुंदीचा भराव यायचा आहे. नाला वर आठ मीटर रुंद, तळाशी चार, खोली दोन मीटर. मोजणीदारानं दहा-दहा मीटरच्या चौकटीत बिंदू घेतले आणि एकही बिंदू नाल्यात पडला नाही, तर त्रिकोण या काठावरून थेट त्या काठावर जातात. कागदावर नाला बुजून जातो. त्याचा छेद बारा चौरस मीटर, साठ मीटर लांबीला ७२० घनमीटर, म्हणजे सुमारे २५४ ब्रास. तेवढा मुरूम ज्यानं हायवा डंपरनी आणून खरोखर टाकला, त्याच्या बिलात तो येतच नाही.

यावर उपाय एकच. स्टाफमननं नाल्याचा वरचा काठ धरून चालायचं, मग खाली उतरून तळाची कड धरायची, मग समोरची तळाची कड, मग समोरचा काठ. या चारही रेषा ब्रेकलाइन म्हणून बांधून टाकायच्या, म्हणजे एकही त्रिकोण त्या ओलांडत नाही. काठ सरळ असेल तिथे बिंदू लांब लांब चालतात. वळणावर दोन पावलांवर घ्यावे लागतात. शेताचा बांध, विहिरीची ढासळलेली कड, जुन्या बैलगाडीवाटेची चाकोरी, सगळ्यांना हाच न्याय. जमीन कुठे मोडते हे यंत्र सांगत नाही. ते डोळ्यांनी पाहावं लागतं, आणि हा डोळा असलेला स्टाफमन मी इंजिनिअरइतकाच मोलाचा मानतो. त्याचा पगार मात्र तसा कुठेच नसतो, हे मला कायम खटकत आलं आहे.

ड्रोन आल्यावर वाटलं होतं की हा डोळा आता लागणार नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं २०२१ साली आपल्या प्रकल्पांवर दरमहा ड्रोननं चित्रीकरण सक्तीचं केलं आणि साइटवर ड्रोन रोजचा झाला. उघड्या मुरमावर, खाणीत, खडीच्या ढिगांवर ड्रोन झकास काम करतो. तिथे मी त्याच्याशिवाय जातच नाही. पण ओजीएलसाठी तो ऑक्टोबरात उडवला, तर दक्खनच्या माळावर गुडघाभर कुसळी उभी असते आणि फोटोतून बनलेला पृष्ठभाग तिच्या शेंड्यांवरून जातो. गवतानं पातळी सरासरी दहा सेंटिमीटर वर उचलली, तरी एका हेक्टरला १००० घनमीटर, साडेतीनशे ब्रासहून जास्त. कटाई असेल तर गवताचेही पैसे निघतात. भराव असेल तर तेवढी भर मापातून गळते. म्हणून मी ओजीएल मे महिन्यात धरतो, जमीन उघडी असताना. नाइलाजानं पावसाळ्यानंतर घ्यावं लागलं, तर गवतात स्टाफ टेकवून हातानं बिंदू घेतो. शिवाय वरचा मातीचा थर काढायचा असेल, तर तो काढल्यावर पुन्हा एक मोजणी. दोन्ही वेळा टीबीएम, म्हणजे पातळीचा तात्पुरता संदर्भबिंदू, तोच, जवळच्या मोरीच्या कठड्यावर रंगवलेला.

एवढं करूनही एक प्रश्न उरतोच: ही माती कुठल्या अवस्थेतली? जागेवरची घट्ट, हायवातली सुटी आणि रोलरनं दाबलेली, तिघींचं घनफळ वेगळं. उपठेकेदार खेपा मोजतो, महसूल खातं रॉयल्टी ब्रासवर घेतं, ठेकेदाराला बिल दाबलेल्या भरावाचं मिळतं. एकाच टेकडीचे तीन आकडे होतात आणि तिन्ही आपापल्या जागी खरे असतात. फोडलेल्या पाषाणाचा ढीग रचून मोजला, तर पोकळीपोटी त्यातून निम्मं माप वजा करण्याची तरतूद केंद्रीय बांधकाम विभागाच्या नियमांत आहे. प्रतिकृती फक्त पृष्ठभाग दाखवते. आतली पोकळी तिला दिसत नाही. ज्याची हायवा दिवसरात्र पळली, त्याला हे आधी, दर ठरवतानाच सांगायला हवं. बिलाच्या दिवशी सांगितलं की त्याला ती लबाडीच वाटते, आणि त्याच्या जागी मलाही वाटली असती.

पूर्वी लेव्हल बुक उघडून समोर ठेवता यायचं. चौथी शिकलेला मुकादमही बोट ठेवून विचारायचा, इथे पातळी एवढी कशी? आता त्याच्या हाती एक आकडा पडतो आणि तो संगणकानं काढलाय एवढंच त्याला सांगितलं जातं. हे मला पटत नाही. बिलासोबत दोन्ही पृष्ठभागांच्या फाइली, बिंदूंची यादी आणि ब्रेकलाइनचा नकाशा द्यायलाच हवा. फुकट मिळणाऱ्या क्यूजीआयएसमध्येही पृष्ठभाग उघडून ही वजाबाकी करता येते. घरातलं डिप्लोमा करणारं पोर ते सहज करेल. ओजीएलवर दोन्ही बाजूंच्या सह्या मशीन उतरण्याआधी व्हाव्यात आणि सही करणाऱ्यानं त्या दिवशी स्टाफमनबरोबर चालावं. ठेकेदार मला म्हणतात, फाइली वाटल्या की वाद वाढतील. माझा अनुभव उलटा आहे. नुसत्या आकड्यावर अडून बसलेला माणूस छेद समोर आला की अमुक चेनेजवरच्या ओढ्याबद्दल, बुजवलेल्या विहिरीबद्दल, वाहून गेलेल्या बांधाबद्दल बोलू लागतो, आणि त्या बोलण्याला उत्तर देता येतं.