हयातीचा दाखला

नोव्हेंबर हा आम्हां ख्रिस्ती लोकांचा मृतांच्या स्मरणाचा महिना. २ तारखेला दफनभूमीत जायचे, कबरी स्वच्छ करायच्या, फुले वाहायची, मेणबत्त्या लावायच्या, ही वसईतील आमच्या गावाची जुनी रीत. सरकारी निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांसाठी मात्र हाच महिना आपण जिवंत असल्याचे सिद्ध करण्याचा असतो. २०२३ साली या दोन्ही गोष्टी आमच्या घरी एकाच दिवशी आल्या.

बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते. त्यांच्यामागे आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळे. दर नोव्हेंबरात आमची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे बाय म्हणतो, आईला रिक्षाने बँकेत नेई. वाडीत राबून आईच्या अंगठ्याच्या रेषा पुसट झाल्या होत्या. यंत्र तिचा ठसा लवकर ओळखत नसे. "एवढी समोर उभी आहे, तरी याला पटत नाही," असे म्हणून ती हसे.

११ जून २०२३ रोजी आई गेली. आम्ही पाच भावंडे; चौघे आपापल्या संसारात, अविवाहित बाय तेवढी आईपाशी. मृत्यूची नोंद झाली, दाखल्याच्या प्रती काढल्या, महिन्याची मिस्साही झाली. त्यांतली एक प्रत बँकेत द्यायला हवी, हे प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडले.

२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी दफनभूमीतून परतून आम्ही जुन्या घरी चहा घेत होतो. तेवढ्यात आईच्या मोबाईलवर बँकेचा संदेश आला. हयातीचा दाखला सादर करावा, अशी त्यात आईला सूचना होती. आम्ही क्षणभर हसलो आणि बायकडे पाहून गप्प झालो. ती उठली, कपाटातून पासबुक आणि आईचे कार्ड काढून तिने आमच्यापुढे ठेवले.

"पैसे येत राहिले. मी काढत राहिले," ती म्हणाली. "विजेचे बिल, औषधे, वाणसामान. वाडीतल्या भाजीवर एवढे भागत नाही रे."

मृत्यूच्या दिवसापर्यंतचे निवृत्तिवेतन कुटुंबाचे. त्यानंतरचा प्रत्येक रुपया सरकारचा. जूनचे १९ दिवस आणि पुढचे चार महिने, असे सुमारे ५९,००० रुपये होत होते. धाकटा म्हणाला, "सरकारला काय कमी पडणार आहे? दाखला दिला नाही की पैसे आपोआप थांबतील." आमच्यापैकी कोणी त्याला लगेच विरोध केला नाही, हे येथे कबूल करायला हवे. जक्कयाच्या घरी गेलेल्या प्रभूची गोष्ट लहानपणापासून ऐकलेले आम्ही. पण परत करण्याची वेळ आपल्यावर आली, तेव्हा ती गोष्ट कोणाला आठवली नाही. बायच म्हणाली, "आईच्या नावावर खोटे नको."

चौघांनी मिळून रक्कम जमवली आणि बायला घेऊन आम्ही बँकेत गेलो. आईचे कार्ड तिच्यामागे वापरणे गैर होते, हे अधिकाऱ्यांनी सौम्य शब्दांत, पण स्पष्टपणे सांगितले. निवृत्तिवेतन सुरू होताना जादा आलेली रक्कम परत करण्याचे हमीपत्र लिहून दिलेले असते आणि ते वारसांनाही बांधते, हेही त्यांनी समजावले. मृत्यूचा दाखला, अर्ज आणि पैसे घेऊन त्यांनी पावती दिली. मग त्यांनी बायकडे पाहून विचारले, "ताई, तुम्ही आईवर अवलंबून होता का?"

पंचवीस वर्षांवरील अविवाहित मुलीलाही आईवडिलांमागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते, अशी तरतूद केंद्र सरकारने २००७ साली केली आहे. ती पालकांवर अवलंबून असावी आणि तिचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असावे, एवढ्या अटी. आम्हांला याचा पत्ताच नव्हता. जे बायने लपवून घेतले, ते तिला उघडपणे मागता आले असते.

त्या दिवशी घरी येताना आमच्यात फारसे बोलणे झाले नाही. सरकारचे किती देणे आहे, याचा हिशेब आम्ही एका संध्याकाळी केला होता. बाय कशावर जगते, हा प्रश्न मात्र पाच महिन्यांत चौघांपैकी एकालाही पडला नव्हता. आईची सेवा तिने केली. आम्ही सणाला केळी आणि केक घेऊन गेलो. त्या देण्याची पावती कोणत्या बँकेत मिळणार?

उत्पन्नाचा दाखला, लग्न न झाल्याचे प्रमाणपत्र, बाबांच्या कागदपत्रांच्या प्रती, अशी धावपळ या वेळी चौघांनी वाटून घेतली. काही महिन्यांनी मंजुरी आली आणि आईच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासूनची थकबाकीही बायला मिळाली. त्यातून आमचे पैसे द्यायला ती निघाली, ते आम्ही घेतले नाहीत.

पुढच्या नोव्हेंबरात आईच्या कबरीवर मेणबत्ती लावून झाल्यावर त्याच आठवड्यात आम्ही बायबरोबर बँकेत गेलो. यंत्राने तिचा अंगठा पहिल्या खेपेस ओळखला नाही. ती आईसारखीच हसली. दुसऱ्या खेपेस तो उमटला.