उजवा, डावा आणि आजचं पान

मोपाच्या पठारावर 2023 च्या जानेवारीत विमानं उतरू लागली आणि पेडणे तालुक्यातल्या ज्या जमिनीकडे काजूच्या मोसमाखेरीज कोणी ढुंकून पाहत नव्हतं, तिला भाव आला. वारखंडच्या बाजूला माझ्या माहेरचं काजूचं भाट आहे. दिल्लीची एक पार्टी ते बघून गेली, भावाने जवळजवळ शब्द दिला आणि मग त्याला माझी आठवण झाली. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून लेकीचा वाटा लेकाइतकाच, आणि विकायचं तर माझीच काय, माझ्या नवऱ्याचीही सही लागते. "ताई, तू हो म्हण म्हणजे झालं," तो म्हणाला. मला हो म्हणवेना, आणि नाही म्हणायला धड कारण सापडेना.

मला दिली डिचोली तालुक्यात, मयेला. इथली गोष्ट नेमकी उलटी. 1961 ला गोवा मुक्त झाला, मयेचा जमीनदार पोर्तुगालला गेला, जमीन 'इव्हॅक्वी प्रॉपर्टी' ठरली, आणि ती कसणाऱ्यांच्या, तिच्यावर घरं बांधून राहणाऱ्यांच्या हाती मालकीचा कागद कित्येक वर्षं आलाच नाही. सनदा मिळू लागल्या त्या अगदी अलीकडे. कागदासाठी इतकं झुरलेल्या गावात बसून, कागद आहे म्हणून विकायला निघालेल्या भावाला काय सांगायचं?

हरमलच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर टॅरोची पानं विकायला असतात. मुलीने हौसेने घेतलेला गठ्ठा कपाटात पडून होता. त्यातलं रोज सकाळी, चहाला आधण येईपर्यंत, मी एक पान काढू लागले. वहीत दोन ओळी लिहायच्या आणि कामाला लागायचं. सोबतची अर्थाची पुस्तिका उघडलीच नाही. भविष्य जाणून घ्यायची मला असोशी नव्हती. रोज त्या भाटाकडे पाहायला एक खिडकी मिळाली तरी पुरे होती.

ही पानं मुळात इटलीतली, पंधराव्या शतकातली, आणि निव्वळ खेळायची. 1781 मध्ये पॅरिसच्या कुर द जेब्लँ नावाच्या पंडिताने ती प्राचीन इजिप्तच्या ज्ञानातून आली आहेत असं ठोकून दिलं, त्यानंतर त्यांना भविष्य फुटलं. आमच्या घरातला गठ्ठा 1909 साली लंडनला निघालेल्या संचाची नक्कल; त्या 78 पानांवरची चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईने काढलेली. पत्त्यांचं म्हणाल तर तेरेखोलपलीकडे सावंतवाडीत गंजिफा होतीच की! दहा अवतारांची 120 गोल पानं, दिवसा खेळलात तर डाव रामाचा, रात्री कृष्णाचा. पानाचं वजन वेळेवर ठरतं ही समज मला त्या इजिप्तच्या थापेपेक्षा कितीतरी शहाणी वाटते.

एकदा नाण्यांची चव्वी निघाली. एक माणूस बसलाय: एक नाणं मुकुटावर, एक दोन्ही हातांनी छातीशी घट्ट, आणि दोन पायांखाली. पैसा पायांखाली दाबून धरलाय म्हणून बिचाऱ्याला उठता येत नाही. मी वहीत भावाचं नाव लिहिलं, मग खोडलं, आणि माझं लिहिलं. मग तेही खोडलं. तलवारींची दुर्री तर पुन्हा पुन्हा यायची: डोळ्यांवर पट्टी, छातीवर दोन तलवारींची फुली, मागे समुद्र. त्या बाईचे हात भरून आले असतील, एवढंच मी दर वेळी लिहायची.

सासूबाईंना हे पसंत नव्हतं. "पानां कसलीं काडटा? देवीक प्रसाद लाय." त्यांचं साधं होतं. मयेची केळबाय, शिरगावची लईराई, मोरजीची मोरजाई या सगळ्या बहिणी, सात जणी आणि पाठीवर एक भाऊ, खेतोबा. त्याच्यावर रागावून लईराईने त्याला लाथ मारली आणि मग पश्चात्तापाने ती निखाऱ्यांवरून चालली, अशी कथा सांगतात. भावाशी भांडण म्हणजे काय ते या देवींना वेगळं सांगावं लागत नाही.

पोर्तुगिजांनी डिचोली, सत्तरी, पेडणे घेतलं ते 1781 ते 1788 च्या दरम्यान. धर्मांतराचा जोर तोवर ओसरला होता, म्हणून इथली देवळं राहिली आणि देवळांतला कौलही राहिला. माहेरच्या ग्रामदेवतेकडे मी नुसती विचारायला गेले. गाभाऱ्यात कौलासाठी कोणाचा तरी प्रसाद लावलेला. मूर्तीच्या ओल्या अंगावर कळ्या चिकटवलेल्या, गाऱ्हाणं झालेलं, आणि सगळं घर टक लावून बसलेलं. पंख्याचं बटण कोणीतरी आधीच बंद केलं होतं. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

भटजींनी मला विचारलं, "प्रश्न काय?" मी सुरू झाले: भाऊ, विमानतळ, वडिलांनी लावलेले काजू. त्यांनी हात वर केला. "एकच विचारायचं. आणि मिळाला कौल तो मिळाला. उद्या परत यायचं नाही."

इथेच पान आणि कळी वेगळी होतात. पान उद्या पुन्हा निघतं. नको ते आलं तरी रात्रीपुरतंच सोसायचं. रोजच्या पानाची ही सोय मला आवडायची आणि तिच्यातली लबाडीही कळायची. कौल चार माणसांच्या देखत होतो, म्हणून तो बांधतो. मात्र कौलाला लागतो तेवढा नेमका प्रश्न माझ्याकडे नव्हता. तो शोधायला मी वही उघडली.

वहीत पैशाचा उल्लेख फारसा नव्हताच. काजूंचाही नाही. जिथे तिथे झर होती: उतारावरच्या जांभ्यातून मे महिन्यातही ठिबकणारी, आणि तिच्या कडेचा तो दगड, जिथे बाबा राखणदाराला नारळ ठेवायचे. पठार गेलं तर मला चालणार होतं. झर जायला नको होती.

भावाला फोन केला. म्हटलं, वरचं सगळं विक, मी आणि तुझे भावजी सही करतो. झर आणि खालचा उतार तेवढा मोजून वेगळा काढू.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "अगं, काजूचं त्यांना काय करायचंय? त्यांना पाणीच पाहिजे. झर नसेल तर ते घेणारच नाहीत."

"मग नको."

"हे तुला त्या पत्त्यांनी सांगितलं?"

"नाही रे. तूच सांगितलंस, आत्ता."