शेवटची कुस्ती

गेल्या महिन्यात माझा भाचा जिल्ह्याच्या शालेय कुस्ती स्पर्धेत तिसरा आला. घरी आला तो मान खाली घालूनच. ताईने पहिला प्रश्न केला, ‘‘पहिला कोण आला?’’ पोराने पदक दप्तरातच ठेवले आणि ‘‘उद्यापासून तालमीत जाणार नाही,’’ म्हणून तो न जेवता झोपला.

मला त्या रात्री ब्रूस बाउमगार्टनर आठवला. ऑफिसात ऑलिंपिकवरच्या एका लेखासाठी टिपणे काढताना या अमेरिकन पैलवानाची ओळख झाली होती. फ्रीस्टाइल कुस्तीतल्या सर्वांत वजनदार गटातला हा धिप्पाड गडी. पण शाळेत असताना तो आपल्या न्यू जर्सी राज्याचाही विजेता नव्हता. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेत १९८० आणि १९८१ अशी सलग दोन वर्षे तो अंतिम कुस्ती हरला. १९८२ मध्ये जिंकला. मग १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये ऑलिंपिक सुवर्ण, १९८८ ला सोलमध्ये रौप्य, १९९२ ला बार्सिलोनात पुन्हा सुवर्ण. शिवाय तीन वेळा जगज्जेता.

१९९६ चे ऑलिंपिक त्याच्याच देशात, अटलांटात झाले. उद्घाटनाला अमेरिकेचा ध्वज त्याच्याच हाती होता. वय ३५. आणि सगळ्यांच्या देखत तो हरला. सुवर्णाची आशा संपली. दुसरा कुणी असता तर तिथेच मनाने खचला असता. पण कुस्तीत कांस्यपदक हवे असेल, तर हरल्यावरही पुन्हा गादीवर उतरावे लागते आणि शेवटची कुस्ती जिंकावीच लागते. तो उतरला, जिंकला आणि सलग चौथ्या ऑलिंपिकमध्ये पदक घेतले.

सकाळी चहा घेताना भाच्याला हे सारे सांगितले. ‘‘तुमच्या तालमीत खाशाबा जाधवांचा फोटो आहे ना? १९५२ साली हेलसिंकीहून त्यांनी आणलं तेही कांस्यच,’’ मी म्हटले.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘मावशी, म्हणजे शेवटची कुस्ती मीपण जिंकलोच की!’’

आपण मोठी माणसे नेहमी पहिल्याचेच नाव विचारतो. हरल्यावर पोर पुन्हा कसे उभे राहिले, हे विचारायचे राहूनच जाते.

ताई पोळ्या लाटत सगळे ऐकत होती. लाटणे थांबवून ती म्हणाली, ‘‘कशी मारलीस रे ती कुस्ती? सांग तरी.’’

भाचा दप्तराकडे धावला.