सव्वा नाली

निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी अल्मोडा जिल्ह्यातील एका खेड्यात लहानसे घर बांधले, त्याला आता दोन वर्षे होत आली. उत्तराखंडाबाहेरच्या कुटुंबाला नगरपालिका हद्दीबाहेर घरासाठी २५० चौरस मीटरपर्यंतच जमीन घेता येते, तेवढीच आम्ही घेतली. खरेदीखत झाल्यावर शेजारी समाधानाने म्हणाले, "म्हणजे सव्वा नाली झाली." आपल्याकडे नाली म्हटले की सांडपाणी आठवते, त्यामुळे सौभाग्यवतींचा चेहरा पाहण्यासारखा झाला!

नाली हे मूळचे धान्याचे माप. तेवढे बियाणे जितक्या जागेत पेरले जाई तितकी जमीन म्हणजे एक नाली. आज ती सुमारे २०० चौरस मीटर धरतात, आणि तिचा सोळावा भाग म्हणजे मुठ्ठी. महसूल खात्यात माझा जन्म हेक्टर आणि आर लिहिण्यात गेला. जमीन पेरणाऱ्याच्या मुठीने मोजता येते हे इथे येऊन कळले. उतारावरची अरुंद, वेडीवाकडी, पायऱ्यापायऱ्यांची शेते पाहिली की हे माप का टिकले ते समजते.

दुसरा शोध पाण्याचा. गावाच्या खालच्या अंगाला एक नौला आहे. नौला म्हणजे डोंगराच्या पोटातून पाझरणारे पाणी साठवणारी चौकोनी दगडी कुंडी. ती खाली पायऱ्यापायऱ्यांनी निमुळती होत जाते. तिला तीन बाजूंनी भिंती असतात आणि वर दगडी पाट्यांचे छत. नवी सून घरात आली की तिला नौल्याच्या पूजेला नेतात. जोडे बाहेर काढायचे, आत कपडे धुवायचे नाहीत, हे नियम कुठेही लिहिलेले नाहीत, पण ते मोडलेले मी अजून पाहिलेले नाहीत. घरात नळ आहे. मे महिन्यात तो दोन-दोन दिवस कोरडा असतो आणि मग सगळे गाव पुन्हा नौल्यावर येते. पलीकडच्या गावात नौल्याची सरकारी खर्चाने दुरुस्ती झाली. तळ आणि भिंती सिमेंटने पक्क्या झाल्या, आणि पाणी आत यायचे ते पाझरच बुजले. अंदाजपत्रकात दगड-सिमेंटचे दर असतात. पाझरासाठी रकाना नसतो.

आमच्या नौल्याची सफाई दरवर्षी पावसाळ्याआधी बायकाच करतात. ती करवून घेणाऱ्या शेजारच्या दीदी पन्नाशीच्या आहेत. यजमान दिल्लीत नोकरीला, मुलगा हळद्वानीला. शेत, गुरे, जंगलातून चारा आणणे, सारे या एकट्या बाईवर. इथे घरोघरी हीच कथा आहे. राज्याच्या पलायन आयोगाने २०१८ साली दिलेल्या अहवालानुसार २०११ नंतर ७३४ गावे पूर्णपणे निर्मनुष्य झाली. उरलेल्या गावांतून शेती चालते ती बहुतांशी बायकांच्या कष्टाने.

दीदींना माझ्या पूर्वीच्या नोकरीची कुणकुण लागली तेव्हा त्या खतौनीची नक्कल घेऊन आल्या. खतौनी म्हणजे साधारण आपला आठ-अ. उताऱ्यात दीदींचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता, पण त्यांच्या यजमानांचेही नाव नव्हते. खाते त्यांच्या आजोबांच्या व चुलत आजोबांच्या नावे. यालाच इथे 'गोल खाता' म्हणतात. जमीन प्रत्यक्षात पिढ्यान्पिढ्या वाटून कसली जाते, पण कागदावर एकत्रच राहते. वारसांची नोंद, म्हणजे आपला फेरफार आणि इथले 'दाखिल-खारिज', कोणी केलेली नसते. करायची तर दिल्ली, लखनौ, मुंबईत पांगलेल्या सगळ्यांना एकत्र आणायला हवे.

२०२१ साली उत्तराखंडाने कायद्यात दुरुस्ती करून पतीच्या वडिलोपार्जित जमिनीत पत्नीला सहखातेदार होण्याचा हक्क दिला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्तीची मोहीम आठवणाऱ्या मराठी वाचकांना याचे मोल वेगळे सांगायला नको. तिथे नवऱ्याने आपखुशीने बायकोच्या नावे जमीन करून द्यायची होती, इथे कायद्यानेच हक्क दिला. पण तो पतीच्या नावावरच्या जमिनीत आहे. पतीच अजून खतौनीत पोचलेला नसेल तर पत्नी तिथे कशी पोचणार? नवा कायदा आला तरी तो नोंदवहीच्या खांद्यावर बसूनच येतो, आणि इथली नोंदवही दोन पिढ्या मागे राहिली आहे. विधानसभेत कायदा करण्यापेक्षा तहसिलीत शिबिरे घेऊन वारसनोंदी पूर्ण करणे हे कितीतरी कंटाळवाणे काम आहे. त्याचे उद्घाटन होत नाही, म्हणून ते राहून जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी अर्ज लिहून दिला. दीदींनी आणखी एक प्रत मागितली. मला वाटले, त्यांच्या दप्तरासाठी असेल. पण ती होती चितईच्या गोलू देवतेसाठी. अल्मोड्याजवळच्या या देवळात न्यायाच्या देवापुढे लोक आपली गाऱ्हाणी कागदावर, कित्येकदा चक्क स्टँपपेपरवर लिहून टांगतात, आणि दाद लागली की घंटा वाहतात. हजारो घंटा आणि त्यांच्यामध्ये फडफडणारे अर्ज! जमिनीचे तंटे, नोकऱ्या, रखडलेले खटले. कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याने एकदा तासभर तिथे उभे राहून ते वाचावेत. आपल्या आवक विभागात काय पोचत नाही ते कळेल.

जाता जाता एक गंमत. खालच्या वाडीतले पंत आडनावाचे गुरुजी पहिल्याच भेटीत म्हणाले, "आपण एकाच गावचे. आमचे पूर्वज कोकणातून आले." कुमाऊँच्या पंतांमध्ये ही परंपरा सांगितली जाते, आणि गोविंद वल्लभ पंत याच जिल्ह्यातल्या खूंट गावचे. गुरुजींना मराठी अर्थातच येत नाही. पण दीदींच्या खात्यातल्या लखनौच्या चुलतभावाचा पत्ता त्यांनीच शोधून दिला. पत्र गेले आहे. अजून तिघांचे पत्ते मिळायचे आहेत.